लिहिलेली बाजू खाली

"फॅक्स आहे का हो अजून?"

काचेच्या दारातून अर्धा आत, अर्धा बाहेर उभा राहून त्याने विचारलं आणि तिचं डोकंच फिरलं. सकाळपासून फोटोकॉपीचं मशीन कागद खात होतं. लॅमिनेशनला आलेला एक जण दाखल्यावर बुडबुडे आले म्हणून तावातावाने भांडून गेला होता. आणि आता हा. 'अजून' म्हणे! अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाची चौकशी करतात तशी.

"आहे. ठणठणीत आहे," ती म्हणाली. "का? भेटायला आलात की पोचवायला?"

तो हसला. हसताना त्याने हातातली फाइल तोंडासमोर धरली, पण डोळे वर राहिलेच. "खरं सांगू? पोचवायलाच. पण अजून नक्की ठरलेलं नाही."

तर असा आला तो. टेलिफोन कंपनीचा माणूस. काखेत फाइल, फाइलमध्ये फॉर्म, फॉर्मच्या डोक्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं: 'लहान व्यावसायिकांना फॅक्स सेवेची गरज उरली आहे काय?' खाली बारा प्रश्न. बाजारातली चाळीस दुकानं फिरून फॉर्म भरून घ्यायचे आणि कंपनीला सांगायचं, फॅक्सच्या लाइनी ठेवायच्या की कापायच्या.

"प्रश्न पहिला," त्याने पेन उघडलं. "आपण फॅक्स कितपत वापरता?"

त्याच क्षणी कोपऱ्यातल्या मशीनने रिंग दिली, दोनदा कण्हलं आणि कोमट कागदाची जीभ बाहेर काढली.

"लिहा," ती म्हणाली. "ते स्वतःच सांगतंय."

गल्लीत तिला सगळे फॅक्सवालीच म्हणत. दुकान बाबांनी काढलेलं. बाबा गेले, मशीन राहिलं आणि मशीनपाशी ती राहिली. समोरच्या नोटरीबाई तिच्याकडून फॅक्स करत. रक्त तपासणीच्या लॅबचे रिपोर्ट तिच्याकडून जात. मागच्या गल्लीत वॉल्व्ह बनवणारे काका होते, त्यांचं परदेशातलं जुनं गिऱ्हाईक सही केलेली ऑर्डर फॅक्सनेच पाठवी, दुसऱ्या कशावर त्याचा विश्वासच नव्हता. सगळं जग हातातल्या फोनवरून कागद पाठवत होतं हे तिलाही दिसत होतं, ती काही आंधळी नव्हती. पण या तिघांसाठी ती रोज मशीन पुसायची.

"बाकीच्या दुकानांत बारा प्रश्नांना तीन मिनिटं लागली," तो म्हणाला.

"मग इथे?"

"इथे..." त्याने पेन बंद केलं. "इथे दिवसाला एकच प्रश्न झेपेल मला. तुमच्या गल्लीला चढ फार आहे."

गल्लीला चढ! अहो, रस्त्यात गोटी ठेवली तर जागची हलणार नाही, एवढी सपाट गल्ली. तीही मनातल्या मनात हसली आणि वरून म्हणाली, "या मग उद्या. दम खाऊन."

तो आला. दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशीही आला. दुपारी चारच्या सुमाराला, उन्हाची तिरीप काउंटरवरून सरकत मशीनपर्यंत पोचली की दार वाजायचं. आई त्या वेळी घरून चहा घेऊन यायची. पहिले दोन दिवस एकच कप होता. तिसऱ्या दिवशी दोन झाले. आईने पदराच्या टोकाने काउंटर उगाच दोनदा पुसलं.

"कोण गं हा?"

"सर्व्हेवाला."

"बराच मोठा सर्व्हे दिसतोय," आई म्हणाली आणि थर्मासचं झाकण लावून गेली.

चौथ्या प्रश्नाच्या दिवशी भांडं फुटलं. 'फॅक्स पाठवताना आपल्याला काय अडचणी येतात?' हे विचारता विचारता तो मशीनकडे असा काही बघत होता, की तिला शंका आली.

"तुम्ही फॅक्स केलाय कधी?"

"ऑफिसात बाई करतात."

"तुम्ही. स्वतः."

"नाही," त्याने कबूल केलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"कमाल आहे! फॅक्सचं मरण लिहायला निघालात आणि त्याची नाडी कुठे असते ते माहीत नाही? या इकडे."

काउंटरची फळी उचलून तिने त्याला आत घेतलं. गिऱ्हाइकाला आत यायला बंदी होती, तशी पाटी तिने स्वतःच लावली होती. एका कागदावर त्याने 'नमस्कार' लिहिलं. कागद घेऊन तो मशीनपाशी उभा राहिला, आणि तिने त्याच्या हातातला कागद मनगटासकट उलटा केला.

"लिहिलेली बाजू खाली," ती म्हणाली. "हे एवढं लक्षात ठेवा, बाकी सगळं मशीन करतं. म्हणा."

"लिहिलेली बाजू खाली."

"परत."

"लिहिलेली बाजू खाली... तुम्ही शाळेत शिकवायला हवं होतं."

मनगट सोडायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. किंवा राहिलं होतं, कोण जाणे. काकांकडे एक जुनं मशीन होतं, परदेशी लागत नसलं तरी गल्लीतल्या गल्लीत चालायचं; त्याचा नंबर लावला, कागद आत सरकला, आणि शेवटी लहानशी चिठ्ठी बाहेर आली. तारीख, वेळ, पानं एक. ओके.

"ही पोचपावती," ती म्हणाली. "बाबा म्हणायचे, ओके आलं की पोचलं, मग त्यावर वाद नाही. पाठवलेला कागद आणि ही चिठ्ठी एकत्र टाचायची आणि फाइलला लावायची. फेकायची नाही कधी."

"फाइल? आमच्याकडे फाइल कपाटात गेली की ती कोणी उघडत नाही."

"म्हणून लावायची नाही असं थोडंच आहे?"

मिनिटभरात काकांचा उलट फॅक्स आला. मोठ्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: 'कामं करा.' दोघं इतके हसले, की नोटरीबाई समोरून बघायला आल्या.

सातव्या प्रश्नाला बाहेर बारीक पाऊस होता. त्याचे खांदे भिजले होते, फॉर्म मात्र शर्टाच्या आत कोरडा.

"प्रश्न सातवा. आपल्याकडे पर्यायी सोय आहे का?"

"कशाची?"

"म्हणजे..." तो फॉर्ममध्येच बघत होता. "घरचे स्थळं वगैरे बघतायत का?"

"हे आहे फॉर्मवर?"

"आहे. खाली. बारीक अक्षरात."

तिने सांगून टाकलं. दोन वर्षांपूर्वी एक स्थळ आलं होतं. बोलणी झाली, सगळं ठरलं, आईने नातेवाइकांना कळवलं. आणि महिन्याने तिकडचे लोक म्हणाले, आम्ही असा होकार दिलाच नव्हता, तुमचा ऐकण्यात काही घोळ झाला असेल.

"ऐकण्यात घोळ!" ती अजूनही धुमसत होती. "तेव्हापासून तोंडी कशावर माझा विश्वास नाही. जे असेल ते लेखी."

त्याने फॉर्म मिटला आणि हळूच म्हणाला, "मी तुम्हाला... तू म्हणू का?"

तिला हो म्हणायचं होतं. पण जीभ कुठली ऐकतेय! "लेखी अर्ज करा," ती म्हणाली. "विचार करू."

तो हसला आणि 'तुम्ही'वरच राहिला. ती रात्रभर त्या एका शब्दाची वाट बघत राहिली आणि स्वतःलाच शिव्या देत राहिली.

अकराव्या प्रश्नाला मात्र सगळं फिसकटलं. गुरुवार होता. तो आला तोच पडलेल्या चेहऱ्याने. चहा घेतला नाही.

"रिपोर्ट उद्या द्यायचाय," तो म्हणाला. "चाळीस दुकानं झाली. एकोणचाळीस जणांनी लिहिलंय, फॅक्स नको."

"आणि चाळीसावं?"

"एका दुकानासाठी कंपनी लाइनी ठेवत नाही हो. बंद करा असंच लिहावं लागणार मला."

तिला कळत होतं की तो खरं बोलतोय. खरं होतं म्हणूनच झोंबलं. "म्हणजे एवढे दिवस हा चहा, ही नाटकं... फॉर्म भरायला?"

"फॉर्म तीन मिनिटांत भरतो, सांगितलं होतं मी तुम्हाला." त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "मला लांबच्या शहरात वरची जागा देतायत. सोमवारी हो-नाही कळवायचंय. त्याआधी मला तुम्हाला एक—"

"तोंडी नको!" ती ताडकन म्हणाली. तिने स्टेपलर घट्ट धरून ठेवला. "ऐकण्यात घोळ होतो माझा. मनात असेल ते लिहा आणि पाठवा. उद्या पाचपर्यंत दुकान उघडं आहे. आणि मनात काही नसेल तर कोरा कागद पाठवा. मी समजेन."

"कोरा?"

"कोरा. निदान पोचला असं तरी म्हणता येईल."

त्याने फॉर्म फाइलमध्ये ठेवला. बारावा प्रश्न राहिलाच.

शुक्रवारी तिने ठेवणीतला आकाशी ड्रेस घातला. फॅक्सला काय दिसणार होतं? पण घातला. कागदाचा ट्रे भरला, परत काढून परत भरला. नोटरीबाईंचे दोन फॅक्स आले तेव्हा दोनदा ती धावत मशीनपाशी गेली. चार वाजले. उन्हाची तिरीप मशीनवर आली, बसली, पुढे सरकली. चार चाळीसला रिंग वाजली.

नंबर त्याच्या ऑफिसचा होता. कागद हळूहळू बाहेर येऊ लागला. वरच्या कडेला बारीक ओळ, ऑफिसचा नंबर आणि वेळ. त्याखाली पांढरं. ती वाकून बघत राहिली. आणखी पांढरं... आणखी पांढरं. कागद सुटून ट्रेमध्ये पडला तरी ती वाकलेलीच होती. मग तिने तो उजेडात धरला, उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

दुसऱ्या कोणाचा कोरा कागद आला असता तर तिने लगेच फोन उचलून खेकसून सांगितलं असतं, 'अहो, उलटा घातलाय, परत पाठवा.' दिवसाआड सांगायचीच ती. पण याला तिने स्वतः शिकवलं होतं. मनगट धरून, दोनदा म्हणायला लावून. हा चुकणार नाही, याची तिला खात्री होती.

"कोणाचा गं?" आईने विचारलं.

"चुकून आलाय," ती म्हणाली, आणि पाच वाजायच्या आधीच शटर ओढलं.

तरी तिने वाट बघितली. शनिवारी. सोमवारी. तो दारात आला असता तर तिने आधी चार शब्द सुनावले असते आणि मग सगळं मान्य केलं असतं, भाषणसुद्धा तयार होतं. पण दार वाजलं नाही. आठवड्याने काकांनी सहज सांगितलं, "तुझा तो सर्व्हेवाला गेला गं बदलीवर." शहराचं नावही सांगितलं. तिने 'बरं' म्हटलं आणि त्यांची ऑर्डर फॅक्स केली. तिने फोन केला नाही, त्याने केला नाही. मानी माणसांची लग्नं कशी जुळायची, सांगा बरं! तोंड उघडलं असतं एकाने तरी!

आठ महिने गेले. लाइनी कापायचा निर्णय कंपनीच्या फायलींतच अडकून राहिला. लॅबने फॅक्स सोडला. काकांचं ते परदेशातलं गिऱ्हाईक वारलं आणि त्याच्या मुलाला फॅक्स म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. तिचा दादा कधीचा मागे लागला होता, की कोपरा मोकळा कर, तिथे मोबाइलची कव्हरं लावू. एका सकाळी त्याने नव्या फळ्यांची मापं लिहून तिच्यासमोर कागद ठेवला. वरच्या कडेला बारीक ओळ होती. चार चाळीस.

"हा कुठून घेतलास?"

"तुझ्या ड्रॉवरमधून. कोराच होता ना?"

"हो," ती म्हणाली. "कोराच होता. टाक बंद करून ती लाइन." दादा बघतच राहिला. सगळ्या गल्लीशी भांडून जिने लाइन ठेवली होती, तिने एका वाक्यात सोडली.

लाइन बंद करायला टेलिफोन ऑफिसात जावं लागलं. टेबलामागे चष्म्याला साखळी लावलेल्या एक बाई होत्या, बोलायला अगदी मोकळ्या. त्यांनी अर्ज वाचला, शिक्का मारला आणि परत तिच्याच हातात दिला.

"हा मुख्य ऑफिसला फॅक्स करा. ते तिथे मशीन."

"फॅक्स बंद करायचा अर्ज... फॅक्सने?"

"नियम आहे," बाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. तीही हसली, किती तरी दिवसांनी. मशीनपाशी जाऊन तिने अर्ज घातला, हाताला सवय होती तसा.

"अहो ताई, उलटा! उलटा घातलात!" बाई खुर्चीतून उठल्या. "आमच्याकडे लिहिलेली बाजू वर. सगळे चुकतात इथे. असा घातला की तिकडे नुसता कोरा निघतो, आणि हे मेलं वर तोंड करून ओके म्हणतं."

ती तशीच उभी राहिली. अर्ज बाईंनीच काढून सुलटा घातला.

"हे मशीन... कधीपासून आहे इथे?"

"झाली असतील दोन-तीन वर्षं. बरं, तुमचा सर्व्हेचा फॉर्म लागेल जोडायला. थांबा हं." बाईंनी कपाट उघडलं, फाइलवरची धूळ फुंकली, पानं उलटली. "हा बघा. चाळीस नंबर. अगंबाई, याच्या मागे काय टाचलंय हे?"

अकरा उत्तरं होती, त्याच्या अक्षरात. बाराव्या प्रश्नासमोर, 'ही सेवा बंद झाल्यास आपल्यावर काय परिणाम होईल?' याच्यासमोर, पेन्सिलने लिहिलं होतं: 'उत्तर फॅक्सने येणार आहे.' आणि मागे एक कागद. त्याच्या कोपऱ्याला लहानशी चिठ्ठी. चार चाळीस. पानं एक. ओके.

'तू,

हा लेखी अर्ज. म्हणून थेट तू म्हणून टाकलं. रिपोर्टात एकोणचाळीस दुकानांबद्दल लिहिलंय. चाळीसाव्याबद्दल लिहिलंय की तिथलं माझं मत धरू नका, माझा जीव अडकलाय तिथे. ती लांबची जागा मला नको आहे. तू हो म्हणालीस तर सोमवारी नाही म्हणून कळवतो. हो असेल तर एवढा एकच शब्द पाठव. नसेल तर काही पाठवू नकोस, मी समजेन, आणि पुन्हा पायरी चढून तुला अवघडवणार नाही.

ता. क. लिहिलेली बाजू खाली घातली आहे. विसरलो नाही, बघ.'

तिने ते दोनदा वाचलं. त्याने तिला तू म्हटलं होतं. आठ महिने ते शब्द या कपाटात पडून होते आणि ती तिकडे त्याला मनातल्या मनात नाही नाही ते बोलत होती. त्याने काहीच चूक केली नव्हती. जसं शिकवलं तसं केलं होतं.

"हा ना आमचा सर्व्हेवाला," बाई डोकावल्या. "भला पोरगा. जायच्या आधी शनिवारी सुट्टी असून इथे येऊन बसला, या मशीनपाशी. सोमवारीही दुपारपर्यंत. कसला तरी फॅक्स यायचाय म्हणे. मग उठला, बदलीच्या कागदावर सही केली आणि गेला." त्यांनी चष्मा पुसला. "तिकडे जुळलं त्याचं. गेल्याच महिन्यात लग्न झालं, आम्ही सगळे गेलो होतो ऑफिसातून. मुलगी छान आहे हो. तुमच्या ओळखीचा का?"

"आमच्या दुकानात यायचा," ती म्हणाली. "चहाला."

मशीनच्या वर भिंतीला सगळ्या शहरांतल्या ऑफिसांच्या नंबरांची यादी चिकटवली होती. तिला त्याचं शहर सापडायला वेळ लागला नाही. तिने बाईंकडून एक कोरा कागद मागून घेतला. पेन हातात धरून थोडी थांबली... मग मधोमध एकच शब्द लिहिला. हो.

त्याचा नंबर लावला आणि कागद मशीनमध्ये ठेवला. लिहिलेली बाजू खाली.

"अहो ताई, परत उलटा!"

"असू दे."

कागद आत गेला आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आला. मग चिठ्ठी आली. पानं एक. ओके. तिने ती कागदाला टाचली आणि चाळीस नंबरच्या फॉर्मच्या मागे, त्याच्या कागदाशेजारी लावली. डोळे भरून आले होते, पण फाइल नीट लावली.

बाई हळहळत होत्या. "कोरा गेला हो तो तिकडे. चालेल का तसा?"

"हो," ती म्हणाली.